नळीत अडकलेली वाफ

पांडेसरा, सुरत
८ डिसेंबर २०२३

प्रिय कुंदनभाऊजी,

तुमचा व्हेपोरायझर आमच्या लॅबमध्ये बसला आणि पहिल्याच दिवशी पास झाला. आमच्या प्लांटचे शेठ सुरुवातीला नाक मुरडत होते, नाशिकच्या एवढ्याशा वर्कशॉपचं मशीन कशाला म्हणून. मी सांगितलं, माझ्या दिराच्या हातचं आहे, बिघडलं तर घरात भांडता येईल. तेव्हा हसले आणि सही केली.

आई तुमच्या मशीनला डबाच म्हणतात, रोज विचारतात, "कुंदनना डबा कसा शे?" जणू तुम्हीच आमच्याकडे नोकरीला लागलाय. तो डबा करतो काय, हे त्यांना समजावताना मी तवा पुढे केला. तापलेल्या तव्यावर थेंब टाकला की चर्र करून उडतो ना, तसंच. फक्त इथे तो सगळाच्या सगळा, एकदम, मागे काही न ठेवता उडाला पाहिजे. तरच पुढच्या यंत्राला त्या थेंबात काय काय आहे ते खरं कळतं. आमच्याकडे मिलवाल्यांचं वापरलेलं सॉल्व्हंट येतं, ते उकळून, शुद्ध करून पुन्हा विकायचं, म्हणजे थेंबाची वाफ नीट झाली नाही तर सगळा कारभार आंधळा. आई म्हणाल्या, "मंग तवा चांगला तपेल पाहिजे." बास, तेवढंच.

गेल्या महिन्यात लॅबला नवी एसी खोली मिळाली. मेन्टेनन्सवाल्यांनी तपासणीचं यंत्र आतल्या भिंतीला लावलं, तुमचा डबा बाहेर दारापाशीच राहिला, मधली नळी तेवढी लांब करून घेतली. तापमान बरोबर एकशे ऐंशी दाखवतंय, काळजी नसावी.

आता खरी बातमी. तुमची बहीण छाया आठवडाभर जेवत नाही. सकाळी उठली की उलटी, वासाने मळमळ. जावई वाल्मिकराव घाबरून तिला आमच्याकडे घेऊन आले, तर आई तिच्याकडे बघूनच हसायला लागल्या. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना दाखवू. तर मलाच, "तुले काय समजस? गोड बातमी शे!" तिच्या लग्नाला सहा वर्षं झाल्यावर आईंचा चेहरा असा फुललाय की मला पुढे बोलवेना. हे, तुमचे दादा, गेल्यापासून या घरात कुणी गाणं म्हटलं नव्हतं. काल आई भांडी घासताना गुणगुणत होत्या.

फोनवर तुमचं बोलणं अडतं आणि मेसेजमध्ये माझं मन भरत नाही, म्हणून हे कागदावर. फोटो काढून आज पाठवते, कागद पोस्टाने मागून येईल. आईंना तुमचं अक्षर हातात धरायला आवडतं, तेव्हा तुम्हीही कागदच पाठवा.

तुमची,
रंजनावहिनी


अंबड, नाशिक
११ डिसेंबर २०२३

प्रिय वहिनी,

पत्र वर्कशॉपमध्ये वाचलं आणि शेजारच्या लेथवाल्याला मिठी मारली. तो अजून विचारतोय काय झालं. मी सांगायला गेलो आणि "मामा" मधल्या पहिल्याच "मा"वर अडकलो. मग लिहून दाखवलं.

छायाला सांगा, ओझं उचलायचं नाही. पर्वत पाटियाच्या साडी कारखान्यात कामाला जाते ते आता बंद केलं तर बरं. साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या म्हणजे दिवसभर मान खाली. आईला सांगा, मी खूश आहे. आणि वाल्मिकला सांगा, रोज काहीतरी फळ आणायचं, आणलं नाही तर मी पत्र लिहीन. माझी पत्रं लांब असतात हे त्याला माहीत आहे.

मशीन चांगलं चाललंय वाचून बरं वाटलं. डब्यातला तो ठोकळा मी तीनदा नव्याने कातला होता. आतली पोकळी जरा जरी वाकडी राहिली तर थेंब एका कोपऱ्यात साचतो आणि हलकं आधी उडून जड मागे राहतं. तुमच्याकडे जाणार म्हणून जास्तच जीव लावला.

सुरतला कधी येतोस असं आई विचारते ते ठाऊक आहे. कामं आहेत. बघतो.

तुमचा,
कुंदन


पांडेसरा
२ जानेवारी २०२४

प्रिय भाऊजी,

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. छायाला दिवस गेलेले नाहीत.

पोटात दुखायला लागलं, डोळे पिवळे दिसले, तेव्हा मी आईंचं काही न ऐकता तिला दवाखान्यात नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला. यकृताला सूज आहे. नेहमीच्या काविळीच्या तपासण्या केल्या, त्यातलं काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई शांत बाई आहेत. त्यांनी विचारलं, काम काय करतेस? छायाने सांगितलं, साडीवर डिंकाने टिकल्या लावायच्या आणि बाहेर आलेला डिंक थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसायचा. हातमोजे? नाही, टिकली चिमटीत येत नाही. बाईंनी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. म्हणाल्या, साध्या थिनरने एवढ्यात यकृत असं बिघडत नाही. त्यात डीएमएफ नावाचं दुसरं सॉल्व्हंट मिसळलेलं असेल तर कातडीतूनसुद्धा आत जातं आणि यकृतच धरतं. थिनर कुठून येतं ते बघा.

वाल्मिकराव दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात जाऊन पिंपाचा फोटो काढून आले. भाऊजी, पिंप आमच्या प्लांटचं आहे. त्यावर लिहिलंय टोल्युईन, म्हणजे तेच थिनर, पुन्हा शुद्ध केलेलं. रिपोर्टवर डीएमएफ शून्य आणि खाली माझी सही.

डीएमएफ आमच्याकडे येतंच. कापडावर कोटिंग करणाऱ्या मिलच्या मालात असतं, ते वेगळं काढायचं हेच तर आमचं काम. मी जुने रिपोर्ट काढून बसले. ऑक्टोबरपर्यंत कधी थोडं, कधी जास्त निघायचं, आणि जास्त निघालं की आम्ही माल परत उकळायला पाठवायचो. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून सगळीकडे शून्य. मला वाटत होतं, नव्या मशीनमुळे काम सुधारलं.

तुमचं मशीन खोटं बोलू शकतं का? रागाने विचारत नाही. पण विचारते.

छाया भिंतीकडे तोंड करून पडून आहे. आईंनी देवापुढचा दिवा लावला आणि तिथेच बसून राहिल्या.

रंजना


नाशिक
३ जानेवारी २०२४

वहिनी,

फोटो पाठवतोय, कागदाची वाट बघू नका.

मशीनची बाजू घ्यायची वेळ नाही, छायाची घ्यायची आहे. मशीन खोटं बोलू शकतं.

उद्या एवढंच करा. नवं, सीलबंद बाटलीतलं शुद्ध टोल्युईन घ्या. त्यात तुमच्या हाताने मोजून डीएमएफ घाला, चांगलं भरपूर. तो नमुना नेहमीसारखा चालवा. तुम्हीच घातलंय म्हणजे त्यात ते आहेच. पडद्यावर दिसलं तर माझं मशीन बरोबर आणि कारण दुसरीकडे शोधू. दिसलं नाही तर तुमचे सगळे शून्य खोटे.

छायाला काय लिहू? तीन कागद फाडले.

कुंदन


सचिन औद्योगिक वसाहत, सुरत (लॅबमधून)
४ जानेवारी २०२४

भाऊजी,

दिसलं नाही.

पडद्यावरच्या रेघेवर टोल्युईनचं टोक उंच उभं राहिलं, आणि त्यापुढे जिथे डीएमएफचं यायला हवं तिथे सपाट रेघ. तीनदा चालवलं. डबा एकशे ऐंशीवरच आहे. मग थेंब जातो कुठे?

शेठना सांगितलं. ते म्हणाले, "बेन, मशीन तो चोख्खुं बतावे छे ने?" मी म्हटलं, मशीन माल चोख दाखवतंय तेच तर दुखणं आहे. त्यांनी ऐकून घेतलं, पण पिंपं भरणं सुरूच आहे. म्हणतात, मशीनवाल्याला बोलवा, तो लेखी देईल तेव्हा बघू.

रंजना


नाशिक
४ जानेवारी २०२४, संध्याकाळी

वहिनी,

तुमचं डिसेंबरचं पत्र पुन्हा काढलं. त्यात स्पष्ट लिहिलंय, यंत्र एसी खोलीत, डबा बाहेर, मधली नळी लांब. मी ते वाचलं होतं, पण पुढच्याच ओळींत छायाची बातमी होती आणि डोळे तिथे उडी मारून गेले.

माझ्या डब्यात थेंबाची वाफ पूर्ण होत असणार. पण पुढे ती त्या लांब, उघड्या, गार नळीतून जाते. टोल्युईन हलकं, ते निसटून पोचतं. डीएमएफ जड, ते वाटेतच थंड होऊन नळीला आतून चिकटतं. नंतर हळूहळू सुटत असेल, पण इतकं पसरून की पडद्यावर टोक उठत नाही. तापमान मोजणारी तार फक्त डब्यात आहे, नळीची बातमी तिला नाही.

हे तुमच्या शेठना फोनवर सांगणं मला जमणार नाही. तुम्हाला माहीत आहे. म्हणून येतोच. सापुताऱ्यावरून बस आहे.

कुंदन


पांडेसरा
६ जानेवारी २०२४

कुंदनभाऊ,

तू येतोयस असं वहिनी म्हणाली. ये. पण माझ्यासाठी रडका चेहरा करून येणार असशील तर नको येऊ. इथे तसे चेहरे पुष्कळ आहेत.

तुला एक सांगते, दुसऱ्या कुणाला नाही. मला पहिल्या आठवड्यानंतर कळलं होतं की तसं काही नाही. बाईमाणसाला कळतं. मी सांगायला आईकडे गेले, तर तिने माझ्यासाठी डिंकाचे लाडू करायला घेतले होते आणि शेजारच्या वत्सलाकाकूंना हसून काहीतरी सांगत होती. आपला ललितभाऊ गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. वाल्मिक रोज चिकू घेऊन यायचा, सगळ्यात मऊ शोधून. मग मी म्हटलं, उद्या सांगू. असं रोज उद्यावर गेलं. मळमळ होत होती तीही सोयीची वाटली, कुणी शंका घेतली नाही. पोट दुखायचं तेसुद्धा लपवलं. त्यामुळे डॉक्टरकडे जायला उशीर झाला. वहिनी स्वतःला दोष देते, मी तिला तोंड उघडून सांगू शकत नाही की उशीर माझ्यामुळे झाला.

आणि अजून एक. माझ्या बाजूला सरलाबाई बसतात. त्यांनाही तसंच होतंय. जेवण जात नाही, लघवी पिवळी. अजून दोघींचं पोट दुखतं. त्या म्हणतात बोलू नको, कारखाना बंद पडला तर आम्ही कुठे जायचं. मी शब्द दिलाय. आता तू सांग, मी काय करू? तुला लिहिलं म्हणजे शब्द मोडला का?

तू लहानपणी माझ्याशी कधीच अडखळला नाहीस, आठवतं? आईला वाटायचं मी जादू करते. जादू नव्हती. मला घाई नसायची, एवढंच.

छाया


पांडेसरा
१८ जानेवारी २०२४

प्रिय भाऊजी,

नाशिकला सुखरूप पोचलात हे तुमच्या एका ओळीच्या मेसेजवरून कळलं. तुम्ही इथे होतात तेव्हा बोलणं झालंच नाही. तुम्ही नळ्यांमध्ये आणि मी रिपोर्टमध्ये. म्हणून आता लिहिते.

तुम्हाला आतून काय वाटत होतं माहीत नाही, पण मी बाहेरून काय पाहिलं ते सांगते. डबा यंत्राला अगदी खेटून बसवलात, नळी वीतभर ठेवलीत, तिला तापणारी पट्टी गुंडाळलीत, आणि मग आम्ही कपाटात जपून ठेवलेला डिसेंबरचा नमुना चालवला. टोल्युईनचं टोक आलं. नंतर रेघ सपाट चालली होती, आणि एकदम ते दुसरं टोक उठायला लागलं. उठतच गेलं. शेठ माझ्या मागे उभे होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

मग केबिनमध्ये ते म्हणाले, बारा पिंपं ट्रकवर चढली आहेत, एवढी जाऊ दे, पुढच्यापासून नीट करू. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही पुढे झालात. "सेठजी, ये माल र... र..."

भाऊजी, मला तुमचा शब्द पूर्ण करायचा होता. जिभेवर आला होता. हे असते तर त्यांनी केलाच असता, नेहमीसारखा, हसत, खांद्यावर हात ठेवून. दारातला क्लार्क खाली बघायला लागला. शेठनी फोन उचलला होता. पण तुमची नजर त्यांच्यावरून हलली नाही, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी ओठ दाबून उभी राहिले. शेवटी शेठनीच फोन पालथा ठेवला.

"रोकिए," तुम्ही म्हणालात. "मेरी बहन ये हाथ से छूती है."

शेठनी वळून तुमच्याकडे पाहिलं. "आपकी सगी बहन?" एवढंच विचारलं. तुम्ही मान हलवलीत. त्यांनी बेल वाजवून ट्रक उतरवायला सांगितला.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. तुमची बस सुटल्यावर शेठनी मला बोलावलं आणि म्हणाले, जुने रिपोर्ट तसेच राहू दे, फक्त मागच्या तारखा टाकून नवे जोडून दे, म्हणजे कुणाला काही सांगायला नको. मी नाही म्हटलं. म्हटलं, ज्यांच्याकडे पिंपं गेली त्यांना फोन करायचे आणि का ते सांगायचं. माझी नोकरी राहिली नाही तरी चालेल, पण त्या कागदावर सही माझी आहे. ते चिडले. मी तशीच घरी आले. सकाळी गेले तर ते स्वतः यादी घेऊन बसले होते, आणि पर्वत पाटियाच्या कारखान्याचा नंबर फिरवत होते. एका गिऱ्हाईकाने बरंच सुनावलं त्यांना. ऐकून घेतलं. जाताना मला म्हणाले, "बेन, हवे सही करतां पहेलां मने बोलावजो." म्हणजे आता सही करायच्या आधी त्यांना बोलवायचं.

छायाने मला सगळं सांगितलं. तुम्ही तिला काय समजावलंत ते ती सांगत नाही, पण ती स्वतः येऊन माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, उशीर माझ्यामुळे झाला. आम्ही दोघी रडलो. मग आई आल्या, म्हणाल्या "काय व्हयनं?" आणि आम्ही काही सांगायच्या आत त्याही रडायला बसल्या. उत्तरायणाच्या दिवशी, संक्रांतीला, गच्चीवर सगळं पांडेसरा पतंग कापत "कायपो छे" ओरडत होतं आणि आम्ही तिघी खाली डोळे पुसत होतो. वाल्मिकराव दोनदा डोकावून परत गेले.

आईंना तिने तेही सांगितलं, आधीपासून माहीत होतं ते. मला भीती वाटली होती. आईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "मनी पोर बरी व्हई जाई," म्हणाल्या. "बाकी मले काही नको."

तुमची,
रंजनावहिनी


नाशिक
२३ जानेवारी २०२४

प्रिय वहिनी,

पत्र वाचून वर्कशॉपच्या मागे जाऊन बसलो.

दादा गेला तेव्हा घरात माणसांची रीघ होती. प्रत्येक जण माझ्यासमोर येऊन थांबायचा आणि मी काहीतरी बोलावं अशी वाट बघायचा. मला एक शब्द फुटला नाही. चार वर्षं सुरतला आलो नाही त्याला कामं हे कारण नव्हतं. दादाशिवाय त्या घरात मी कसा बोलणार, तेच समजत नव्हतं. तुम्ही ते ओळखून होतात आणि कधी विचारलं नाहीत.

तुम्ही माझा शब्द पुरा केला नाहीत ते मला तिथेच कळलं होतं. तुमच्या बांगड्या वाजल्या, तुम्ही मुठी आवळल्यात तेव्हा. आभार मानत नाही. घरात कोण आभार मानतं?

एक काम सुरू केलंय. यापुढे प्रत्येक मशीनबरोबर दुसरी तार देणार, नळीच्या पार शेवटच्या टोकाला लावायची. तिथे गार पडलं की मशीन नमुना घेणारच नाही. आमच्या वर्कशॉपचे मालक म्हणाले, खर्च वाढेल. मी त्यांना उत्तर द्यायला बराच वेळ घेतला, पण दिलं.

छायाला मी काही मोठं समजावलं नाही. शब्द मोडला का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, सरलाबाईंनाच विचार.

तुमचा,
कुंदन


पांडेसरा
२५ फेब्रुवारी २०२४

कुंदनभाऊ,

उशिराने लिहितेय, रागावू नकोस. मी बाईसाहेब फार कामात होते.

सरलाबाईंना विचारलं. त्या आधी माझ्यावर जाम भडकल्या. तुझ्या वहिनीच्या कंपनीने केलं आणि आता तूच आम्हाला दवाखान्यात नेणार का, असं सगळ्या बायकांसमोर बोलल्या. त्यांचं खरंच होतं. मी म्हटलं, हो, मीच नेणार, आणि तुम्ही आला नाहीत तर उद्या परत येऊन इथेच बसेन. दुसऱ्या दिवशी खरंच जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्या चप्पल घालून दारात उभ्या. बाकीच्या दोघीही आल्या. एका रिक्षात चौघी, माझ्या मांडीवर सरलाबाईंची पिशवी, त्यात दवाखान्यात पितळेचा डबा कशाला आणला देव जाणे.

तिघींच्याही यकृताला सूज होती, सरलाबाईंना जास्त. चार दिवस ठेवून घेतलं. वहिनी रोज लॅबमधून थेट तिकडे यायची. पहिल्या दिवशी सरलाबाईंनी तिच्याकडे पाठ केली. वहिनी खाली बसून मोसंबी सोलत राहिली. चौथ्या दिवशी सरलाबाई म्हणाल्या, "एवढं पांढरं का काढतेस, चांगलं असतं ते." तेव्हापासून दोघी बोलतात. शेठने दवाखान्याचं सगळं केलं. वहिनीने मागे लागून करून घेतलं.

कारखान्यातली ती सगळी पिंपं परत गेली. नवं थिनर आलंय आणि लांब दांडीचे ब्रश. हातमोजे दिलेत, पण त्यात टिकली चिमटीतून निसटते आणि बायका एकमेकींच्या पाठीवर टिकल्या लावून हसतात. मालक ओरडतो. तिघीही आता बऱ्या आहेत. सरलाबाई सोमवारपासून कामावर जाणार.

मी गेले नाही अजून. जाईन की नाही ते वाल्मिकला विचारलं तर तो म्हणतो, तुझं तू ठरव. त्या दुसऱ्या गोष्टीबद्दलही आम्ही बोललो, मूल वगैरे. पहिल्यांदाच नीट बोललो. तो म्हणाला, चिकू आणायला मला आवडायचं, त्याला कारण लागत नाही. मग परत आणायला लागला. आता घरात इतके चिकू झालेत की आई शेजारी वाटते.

काल वहिनीने मला तिच्या लॅबमध्ये नेलं. तुझा डबा बघितला. मला वाटलं होतं केवढा असेल, तर आपल्या पोळ्यांच्या डब्याएवढा. तिने सुईने एक थेंब आत टाकला. मी विचारलं, गेला? म्हणाली, गेला. आवाज नाही, धूर नाही. मग पडद्यावर रेघ चालायला लागली आणि आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. एकच टोक आलं. तरी वहिनी रेघ पूर्ण संपेपर्यंत हलली नाही, आणि मलाही हलू दिलं नाही.

आज माझा रिपोर्ट आला. सगळं जिथल्या तिथे आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भूक लागते का? मी म्हटलं, बघते.

घरी आले तर आईने हिरव्या वांग्याचं भरीत केलं होतं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापत होती. मी चुलीपाशीच पाट घेतला. एक भाकरी खाल्ली, दुसरी खाल्ली. आई माझ्याकडे बघत नव्हती, पण तिचा हात थांबला होता. वहिनी दारातच उभी होती, पर्स खांद्यावर तशीच.

मी म्हटलं, "आई, अजून आहे का?"

भाऊ, आईने पीठ घेतलं आणि थापायला लागली.

तुझी,
छाया